देव अणदूरला होता

देवाधर्माशी माझं फारसं कधी जमलंच नाही. सोलापुरात मास्तरकी करायची, चार इंग्रजी बुकं वाचायची आणि आईनं देवाचं नाव काढलं की टिंगल करायची, हा माझा खाक्या. पुढे विषमज्वरानं मी महिनाभर अंथरुणाला खिळलो, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आई नळदुर्गच्या खंडोबाला नवस बोलली: लेकरू उठलं की पायावर घालीन, भंडारा-खोबरं उधळीन. मी उठलो. पण रजेचं निमित्त सांगून मीच चालढकल करत राहिलो, आणि तोवर मोतीबिंदूनं आईची नजर पार अधू झाली.

शेवटी माघात एकदाचे निघालो. हा देव एकच, गावं दोन. मार्गशीर्षाच्या सुमाराला तो नळदुर्गला येतो, पौषी पौर्णिमेनंतर परत अणदूरला जातो. आई म्हणत होती, "पुनव झाली की रे. देव अणदूरला गेला असंल. इचार तरी कुनाला." मी कसला विचारतोय! "देवाची काय बदली होते का?" असं म्हणून तिला मोटारीत बसवलं. नळदुर्गला पोचलो तर देऊळ उघडं आणि गाभारा रिकामा.

चूक माझी, राग निघाला तिच्यावर. "तुझ्या देवापायी माझी रजा फुकट गेली," असं चारचौघांत बोललो. आलोच आहोत तर किल्ला पाहून घेऊ म्हणून तिला आत नेलं, उपळी बुरुजाखाली चिंचेच्या सावलीत बसवलं आणि एकटाच उंच पायऱ्या चढून वर गेलो. वर भन्नाट वारा. खाली बोरी नदीनं कातळ चिरून केलेली खोल घळ, तळाशी हिरवं पाणी, तटाच्या भेगांतून उडणारे पोपट. राग कुठल्या कुठे पळाला. सहज खाली पाहिलं, तर चिंचेखाली कुणीच नव्हतं.

जवळच तट ढासळलेला होता आणि त्यापलीकडे सरळ दरी. मी धावत उतरलो, हाका मारल्या, कडेपर्यंत जाऊन आलो. मग वरून दिसेल म्हणून धापा टाकत पुन्हा बुरुजावर चढलो. पाण्याशी काही पांढरं दिसलं की तिचंच लुगडं वाटे. तिला नीट दिसत नाही, हे ठाऊक असून मी तिला तिथे सोडून आलो होतो. जन्मात पहिल्यांदा मनापासून हात जोडले आणि म्हणालो, "माझ्यानं आता काही होत नाही. माझी आई तेवढी दे."

बुरुजावर राखणीला असलेला म्हातारा शिपाई माझी तारांबळ पाहत होता. त्यानं खांद्याला धरून मला दरीकडून वळवलं. "नीचे क्या देखते जी? अम्मा बाट से गई होयेंगी. उधर देखो."

अणदूरच्या वाटेवर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई चालली होती, आणि तिचा हात धरून आई. डाव्या पायावर झुकणारी ती चाल मी कुठूनही ओळखली असती. मी तिथेच रडलो.

पळत जाऊन त्यांना गाठलं. आई म्हणाली, "रागावू नगंस. तुजी रजा वाया जाती म्हनलास, म्हून फुडं निघाले. ही बाई तिकडंच चालली व्हती, अणदूर म्हनलं तसा हात धरला."

बाई निव्वळ कानडी बोलणारी. "तिचं काही कळतं का तुला?" मी विचारलं.

"न्हाय की. पर हात चांगला हाय."

हा चमत्कार होता का, मला सांगता येणार नाही. शिपायाचं नाव मी विचारलं नाही, आणि ती बाई तर अणदूरच्या वेशीवरूनच आपल्या वाटेनं निघून गेली. दोघांचे उपकार आजही माझ्यावर आहेत. एवढं मात्र कळलं की मी दोन धड डोळे घेऊन दरीतच शोधत बसलो होतो, आणि आई कुणाच्या तरी हातात हात देऊन बिनघोर देवाकडे चालली होती.

अणदूरला तिनं भंडारा उधळला, मला पायावर घातलं. मग हळूच विचारलं, "देव कसा दिसतोय रे?"

माझे डोळे इतके भरून आले होते की समोरचं सगळं नुसतं पिवळं झालं होतं. "आई, मलाही दिसत नाही गं," मी म्हणालो. तिनं माझा हात चाचपून धरला, आणि आम्ही दोघं तसेच देवासमोर उभे राहिलो.