कित्तेबाईंची पहिली ओळ

कित्तेबाई वही उघडल्यावर आधी अक्षर बघत नसत. पान उलटून मागच्या बाजूवरून बोट फिरवत. पेन्सिल दाबून लिहिलेलं असलं की मागे उंचवटे लागायचे आणि मूल तिथेच पकडलं जायचं. "पेन्सिल धरूची आसता, आवळूची नसता गो," असं त्या माझ्या इराला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. इरा तेव्हा पहिलीत होती आणि पेन्सिल मुठीत धरायची.

त्या मुलुंडला आमच्याच सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आता घरीच मुलांचा अक्षराचा क्लास घेत. पाय जमिनीला टेकलेले हवेत, वही किंचित तिरकी हवी, शिरोरेषा शब्द पुरा झाल्यावरच. खोडरबराला घरात बंदी. "चुकलं तर दिसू दे. लपवलेलं सुधारत नाही," असं म्हणायच्या. मला हे जरा अतिच वाटायचं. पण तीन महिन्यांत इराचं अक्षर इतकं मोकळं झालं, की मी नातेवाईकांना फोटो पाठवत सुटले.

पद्धत एकच. रोज पहिल्या ओळीत बाई स्वतःच्या हाताने कित्ता घालून देत आणि खाली मुलांनी तो हुबेहूब उतरवायचा. "डोकं चालवू नका, डोळे चालवा," हा हुकूम. मुलं लिहायला लागली की बाई चहा घेत, तोही अर्धाच कप. भरलेला कप त्यांनी उचललेला मला आठवत नाही. मला वाटायचं, पथ्य असेल.

दिवाळीनंतर इराचं अक्षर बिघडलं. ओळ सुरू व्हायची ठीक, शेवटाकडे मात्र बारीक होत जायची. शाळेतून चिठ्ठी आली. मी पोरीला फैलावर घेतलं, डोळे तपासून आणले. डोळे उत्तम. मग एका संध्याकाळी खेकसलेच, "अगं, मुंग्या काढतेस की अक्षरं?"

ती रडकुंडीला आली. "आई, बाईंचं तसंच आहे ना! बघ ना!"

पहिली ओळ मी इतक्या दिवसांत बघितलीच नव्हती. मागची पानं चाळली. आठवड्यागणिक बाईंची अक्षरं आक्रसत गेली होती, काने थरथरत होते. इराने ती थरथरही इमानाने उतरवली होती.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बाईंकडे गेले. त्यांचा उजवा हात पदराखाली होता. लिहीत नसताना तो नेहमी तिथेच असायचा, हे मला तेव्हा कळलं. वहीवर नजर टाकून त्या खाली बसल्या.

"कंपवात आहे. गणपतीत डॉक्टरांनी सांगितलं. म्हटलं, हे वर्ष तरी रेटू. मुलं यायची थांबली तर दिवसभर मी बोलू कोणाशी?" मग इराच्या ओळींवरून बोट फिरवत म्हणाल्या, "पण हे पोरीच्या हातात उतरत असेल, असं नाही गो वाटलं मला." त्या रडल्या. मला माझीच लाज वाटली.

क्लास त्यांनी त्याच दिवशी बंद केला. पुढे मुलगा त्यांना चेंबूरला घेऊन गेला. परवा फोन केला, तर आता आवाजही बारीक झालाय. अर्धं बोलणं कळलंच नाही.

छापील कित्त्यावर इराचं अक्षर पुन्हा सुधारलं. फक्त 'ळ' ती अजूनही बारीक आणि कापरा काढते. "तेवढा नीट काढ की गं," मी म्हटलं.

"तो बाईंचा आहे," ती मान वर न करता म्हणाली. "त्यांना आता काढता येत नाही ना, म्हणून मी काढते."