इथपर्यंत ठीक

आमची छोटी टीम एक प्रोग्रॅमिंग भाषा बनवते. आज मीटिंगमध्ये वाद एकच होता: प्रोग्रॅम कोसळला, तर त्याने किती सांगावं?

"वाटेतलं सगळं लक्षात ठेवायला लावलं तर तो स्लो होईल," निखिल पुन्हा म्हणाला.

मधुराने लॅपटॉप आमच्याकडे वळवला. तिचा प्रोग्रॅम नेमका कुठे कोसळतोय ते सापडेना, म्हणून तिने दर दोन-चार ओळींनंतर त्याला एकच वाक्य छापायला लावलं होतं: 'इथपर्यंत ठीक.' तेच वाक्य स्क्रीनवर खाली खाली उतरत गेलेलं, आणि मग नुसता काळोख.

त्या काळोखाकडे बघताना मला माझ्या मुलाची खोली आठवली. कॉलेज सोडून तो दार लावून बसलाय. काय झालं विचारलं की 'काही नाही'. दहावीचे पेढे वाटले, इथपर्यंत ठीक. हॉस्टेलवर सोडलं तेव्हा त्याने वळून हात केला, इथपर्यंत ठीक. त्यानंतरचं मला काहीच दिसत नाही. आम्ही सगळेच नुसते पळत होतो.

"मग काय ठरवायचं?" निखिलने विचारलं.

"होऊ दे रे स्लो!" माझा आवाज चढलाच. "पण काय झालं ते त्याला सांगता येऊ दे."