गितेकला येणारे चार शब्द

शेजारच्या जोंगहुनने व्हिएतनामहून बायको आणली, त्या दिवशी मालसुनने घरातला रेडिओ मुद्दाम मोठ्याने लावून ठेवला. नवी सून अंगणात येईल, बोलेल, हसेल आणि ते आपल्या नवऱ्याच्या कानावर पडेल, एवढीच तिला धास्ती होती.

तिचा नवरा योम गितेक एकविसाव्या वर्षी कोरियन सैन्याबरोबर त्याच देशात लढायला गेला होता. परत आला तेव्हा अंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. गावाने ढोल वाजवून त्याची मिरवणूक काढली. लगेच मालसुनशी लग्न झालं आणि पहिल्याच आठवड्यात तिला कळून चुकलं, की हा माणूस झोपत नाही, पहारा देतो. जेवायला बसायचा तो भिंतीला पाठ लावून, तोंड दाराकडे करून. एकदा बागांवर औषध फवारायला हेलिकॉप्टर आलं, तर हा शिडी टाकून ओढ्यात जाऊन बसला. अंगभर खाज उठायची. त्यासाठी शहरातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातून मलम मिळायचं. झोपेचं तिथे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी मिग्योंग. पाच वर्षांची असताना ती खेळता खेळता मागून येऊन बापाच्या गळ्यात पडली. त्याने तिला अशी भिरकावली, की पोरीचा हात मोडला. मालसुनने गावभर सांगितलं, "दारू उतरली नव्हती हो त्यांची." दारुडा नवरा सगळ्यांना समजतो. हे दुसरं काय आहे, ते तिचं तिलाच समजत नव्हतं. मिग्योंग मोठी झाली, बुसानला नोकरीला लागली आणि सणावारी फोन करण्यापुरती उरली.

त्या शरदात पर्सिमनच्या केशरी फळांचं पीक उदंड आलं होतं. सांगजूच्या बाजूला या दिवसांत घराघरात हेच काम: फळं सोलायची, दोरीला बांधायची, वाळायला टांगायची. भरदुपारी मालसुन सोलत होती, गितेक शिडीवर चढून माळा टांगत होता. भिंतीपलीकडे जोंगहुनची बायको लुआ आईशी फोनवर बोलत होती. बोलता बोलता ती खळखळून हसली.

गितेक शिडीवरून खाली कोसळला असंच मालसुनला वाटलं. पण तो कोसळला नव्हता, जमिनीवर आडवा झाला होता. सरपटत तो तिच्यापाशी आला, तिला माळांच्या मांडवाखाली ओढलं आणि तिचं तोंड हाताने दाबून धरलं.

"आवाज करू नकोस," तो कानात कुजबुजला. "पलीकडेच आहेत."

त्याच्या बोटांना पर्सिमनच्या सालीचा गोड वास येत होता. मालसुनला श्वास घेता येईना. डोळे त्याच्याकडे लावून ती नुसती पडून राहिली. हा आपल्याला ओळखत नाही, हे तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

भिंतीवरून लुआच्या सासूचं डोकं वर आलं. "काय गं मिग्योंगच्या आई, या वयात? तेही भरदुपारी?" ती फिदीफिदी हसली. मग तिला गितेकचा चेहरा दिसला आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

गितेक उठला, मागच्या शेडमध्ये गेला आणि आतून कडी लावून बसला. दुसऱ्या दिवशीही तो बाहेर आला नाही. मालसुन दाराशी भाताचा वाडगा ठेवायची. कधी तो रिकामा व्हायचा, कधी तसाच राहायचा. मागच्या खिडकीपाशी जाऊन तिने हाक मारली की आत काहीतरी आदळायचं.

असेच दिवस जात असताना लुआ दबकत आली. वीस-बावीसची पोर, भाषा अजून मोडकीतोडकी.

"तू अंगणात फोनवर बोलत जाऊ नकोस गं बाई," मालसुन म्हणाली. "तुझा दोष नाही. पण नको बोलूस."

लुआने मान हलवली. मग म्हणाली, "माझे आजोबा पण असे. टीव्हीवर कोरियन बोलले, की आजोबा पलंगाखाली."

म्हणजे या पोरीचा आजोबा पलीकडच्या बाजूने लढला होता. कुणी सांगावं, गितेकच्या समोरच उभा राहिला असेल. पण लुआच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"आजी, तुम्ही मागून जाता. मागून नको. समोरून जा, लांबून, बोलत बोलत. काहीही बोला. माझी आजी म्हणायची, हे तुमचं घर, आज मंगळवार, ही आपली म्हैस."

मालसुनला ते पोरखेळासारखं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी ती अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने बोलू लागली.

"अहो, मी येतेय. मी मालसुन. आज बाजाराचा दिवस आहे. हे आपलं घर. तुमच्यासमोर पर्सिमनच्या माळा आहेत." पुढे काय बोलावं ते सुचेना. "म्हैस काही आपल्याकडे नाही."

आतून खरखरीत आवाज आला, "म्हैस कुठून आली मध्येच?"

मालसुन अंगणातच मटकन खाली बसली. थोड्या वेळाने शेडची कडी निघाली.

त्याच आठवड्यात जोंगहुनने आपल्या टेम्पोतून दोघांना शहरातल्या रुग्णालयात नेलं. डॉक्टर नेहमीसारखं गितेकचं मनगट उलटून पाहू लागले, तेवढ्यात मालसुन म्हणाली, "कातडीचं राहू द्या आज. हे झोपत नाहीत. लग्न झाल्यापासून झोपलेले नाहीत." गितेकने मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही.

त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथे एका मोठ्या खोलीत त्याच लढाईतून परतलेली, त्याच्याच वयाची माणसं बोलायला जमली होती. खोलीच्या मधल्या खुर्च्या सगळ्या रिकाम्या. म्हातारे चारी बाजूंना भिंतीला पाठ लावून बसलेले, प्रत्येकाची नजर दारावर. गितेक उंबऱ्यात थबकला. त्याने एकेकाकडे पाहिलं. एक जण सरकला आणि त्याने भिंतीलगत जागा करून दिली.

मालसुनने त्या रात्री मिग्योंगला फोन केला. "तुझा हात दारूने मोडला नव्हता," एवढं म्हणून तिने बाकीचं सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, तू मला अपराधी केलंस. मी आयुष्यभर बाबांचा राग केला."

गोळ्यांनी गितेकला झोप लागू लागली, पण स्वप्नं गेली नाहीत. वसंतात लुआला मुलगी झाली. बाळाच्या शंभराव्या दिवसाला गावात घालतात त्या जेवणासाठी लुआची आई येणार, असं कळलं. तेव्हा गितेक पहिल्यांदाच आपण होऊन मधल्या भिंतीपाशी गेला.

"मला तुमच्या भाषेतले चार शब्द येतात," तो लुआला म्हणाला.

"कुठले, आजोबा?"

"थांब. हात वर. बाहेर ये." चौथा त्याने सांगितला नाही. "आणखी एक शिकव. घरी आलेल्या माणसाला काय विचारतात ते."

"जेवलात का," लुआ म्हणाली आणि ते आपल्या भाषेत हळूहळू म्हणून दाखवलं. बागेत काम करताना गितेक ते पुटपुटत असायचा.

जेवणाच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून शेजाऱ्यांच्या फाटकापर्यंत गेला. लुआची आई पन्नाशीची, उन्हाने रापलेली बाई होती. त्याने विचारलं, "जेवलात का?" बाई चकित झाली. मग तिचा चेहरा फुलला आणि भराभरा बोलत तिने त्याचा हात धरून आत ओढलं.

गितेक घामाने निथळला. हात सोडवून तो बाहेरच्या पायरीवर भिंतीला पाठ टेकून बसला. मालसुन समोरून, त्याला दिसेल अशी आली आणि शेजारी बसली.

"ती तेव्हा या पायरीएवढी असेल," तो म्हणाला.

"कोण? लुआची आई?"

"कुणीही."

थोड्या वेळाने ती बाई तांदळाच्या वड्यांची बशी घेऊन बाहेर आली. ती त्याच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि आपल्या भाषेत काहीबाही सांगत राहिली. तिच्या शेताचं असेल, प्रवासाचं असेल, बापाचं असेल. लुआ दारात उभी होती, पण तिने भाषांतर केलं नाही. गितेक उठला नाही. बाईचं बोलणं संपेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.

पुढच्या हिवाळ्यात तो परत एकदा शेडमध्ये जाऊन बसला. त्या वेळी त्याने आतून कडी लावली नव्हती.