तळ्याच्या जागी भरलेली ओटी

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, कॅनडातलं व्हिटबी. हजर: मी आणि नवरा सुहास. मुलगी बेसमेंटमध्ये झोपलेली.

ट्यूलिपच्या कंदांची पिशवी उघडली आणि कांद्याच्या टरफलांसारख्या त्या वासाने अ‍ॅमस्टरडॅमचं वाटरग्राफ्समेर आठवलं. पूर्वी तो शहराचा वेगळा विभाग होता, त्याच्या कितीतरी आधी तळं. पाणी उपसून काढलेल्या जमिनीवर बागा आणि वस्त्या झाल्या. तिथल्या काँक्रीटच्या घरांच्या वस्तीत आम्ही राहायचो.

कॅनडाला निघण्याआधी, पुण्याहून आमच्याकडे आलेल्या आईने मला फ्रांकेनडाल पार्कमध्ये शेजारच्या योहानाची ओटी भरायला लावली. स्वतः मात्र मागे उभी राहिली. बाबा गेल्यापासून ती अशा वेळी मागेच असायची.

स्कार्फमधले तांदूळ-नारळ सावरत योहानाने विचारलं, "आईची नाही भरत?"

"नवरा गेल्यावर भरत नाहीत."

"पण माझाही गेलाय."

मी ते आईला सांगितलं. आई हसत सुटली. "अगं, तिला विचारलंच नाही आपण!"

योहानाने बागेत लावायला आणलेले कंद सरळ आईच्या पदरात ओतले. मातीने साडी खराब होईल म्हणून मी पिशवी पुढे केली. आईने घेतली नाही. घरापर्यंत ती दोन्ही हातांनी पदर धरून चालली.

तेव्हा मला डागांची काळजी होती. आता आठवतात ते तिचे हात.

डिसेंबरमध्ये आईकडे पुण्याला जायचं आहे. खण गेल्या खेपेलाच आणून ठेवलाय. आईची ओटी भरायची अजून राहिली आहे.