कलामंदिरातलं मरण

आमच्या खाणीवरचा सुखराम मुकादम दर वर्षी मरायचा, आणि फार सुरेख मरायचा. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरली की परसवाड्याकडची मंडळी त्याला नाटकात मरायला खास न्यायला येत. छातीत खंजीर घेऊन तो असा कोसळे की बाया पदर डोळ्यांना लावत. मग मागून "वन्स मोर!" अशी आरोळी उठली की हा उठून, धूळ झटकून, पुन्हा पहिल्यापासून मरे. एरवी मॅंगनीज फोडणाऱ्या बायांची हजेरी घेणं हे त्याचं पोटापाण्याचं काम.

पुढे कंपनीने आम्हाला कलामंदिर बांधून दिलं. चौसष्ट साल असेल. इथे कामगारांच्या आत्म्याचा विकास होईल, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं. नळाला तेव्हा एक दिवसाआड पाणी येई, पण आत्म्याची सोय झाली. खोटं कशाला बोलू, आम्हालाही त्या इमारतीचा अभिमान होता. बालाघाटहून पाहुणे आले की आधी कलामंदिर दाखवायचं, मग चहा टाकायचा. लग्नं तिथेच लागत, देवीच्या लसी तिथेच टोचत, भीमजयंतीही तिथेच आणि संपाची बोलणीही तिथेच. बसायची सोय मात्र पगाराच्या उतरंडीने: सोफा, वेताच्या खुर्च्या, लोखंडी घडीच्या खुर्च्या, आणि मागे सतरंजी. आमचे हे हेडक्लार्क, म्हणून मी वेताच्या शेवटच्या रांगेत. नागपूरची बी.ए. सोफ्यापर्यंत पोचत नव्हती.

पण त्या बी.ए.मुळेच पहिल्या नाटकात मला प्रॉम्प्टिंगला बसवलं. सुखरामला अर्थातच मरायचं काम मिळालं. "माझ्यासाठी थांबू नका, मी सवडीने येईन," असा मोठ्या साहेबांचा निरोप होता. ती सवड त्यांना नेमकी सुखराम मरत असताना मिळाली. बाहेर मोटार थांबली, सोफा उठला, खुर्च्या उठल्या, सतरंजी उठली. आणि खंजीर छातीत तसाच ठेवून सुखरामही उठला! ताठ उभा राहून त्याने सलाम ठोकला. साहेब स्टेजवर आले, हार झाला, भाषण झालं. "मरतानाही शिस्त!" म्हणून सुखरामला थर्मास बक्षीस मिळाला. नाटक पुढे सरकलंच नाही.

त्यानंतर त्या माणसाला रस्त्याने चालणं कठीण झालं. उकवा गावाला जाणाऱ्या बसमध्ये कुणीतरी ओरडे, "मुकादम, साहेब आले, उठा!" खाणीतल्या बाया हजेरीला उभ्या राहून म्हणत, "आम्ही त जित्या आहो जी, आमची लावा हजेरी!" त्याची बायको तुळसाबाई त्याच थर्मासमधून चहा ओतताना रोज सुनावे, "घ्या, मेल्याचा चहा."

दुसऱ्या वर्षी तालमी लागल्या तेव्हा तो माझ्यापाशी येऊन बसला.

"बाई, मंडईत मी तीन तीन डाव मेलो आहो. अठी एकबी डाव पुरा मेलो नाही. यंदा कोनीबी आलं तरी मी उठत नाही."

"अहो, मग उठू नका."

"नौकरी आहे न बाई. घनश्यामजीनं पहलेच सांगून ठेवलं."

घनश्यामजी म्हणजे आमचे कल्याण अधिकारी. त्या पावसाळ्यात साहेब बदलले होते, पण घनश्यामजींनी जुन्या साहेबांना आवडलेली गोष्ट नियमात बसवून टाकली होती. तालमीत सगळ्यांसमोर ते म्हणाले, "देखो सुखराम, साहब आएँगे तो सब खड़े होंगे। मुर्दा भी।"

"मुर्दा कसा उठंल जी?"

"पिछले साल कैसे उठा था?"



नाटकाच्या दिवशी तुळसाबाई जेवणाच्या डब्यासकट सतरंजीवर पुढे येऊन बसली. पडदा उघडण्याआधी विंगेत येऊन नवऱ्याला म्हणाली, "नौकरी गेली त मी मॅंगनीज फोडीन. पन यंदा उठलात, त घरी येऊ नका."

सुखरामला खंजीर लागला. तो कोसळला, आणि बाहेर मोटार थांबली. सोफा उठला. वेत उठला. विंगेत माझ्या शेजारी घनश्यामजी हार घेऊन दबक्या आवाजात खेकसत होते, "सुखराम! खड़े हो! अरे, खड़े हो जा!" सुखरामच्या पापणीचा केस हलला नाही. हाताची मूठ मात्र घट्ट वळलेली मला दिसत होती.

सतरंजीही अर्धीअधिक उठली होती. तेवढ्यात तुळसाबाईने मटकन बसकण मारली आणि गळा काढला, "अवं माय वं! गेला वं माहा मानूस!"

आमच्याकडे मयताजवळ बसलेल्या बाया पाहुणा आला म्हणून उठत नाहीत. कितीही मोठा येवो. तुळसाबाईचा सूर ऐकताच साऱ्या बाया सवयीने खाली बसल्या, पदर तोंडाला लावून रडू लागल्या. त्यांच्या मागे बाप्ये बसले. उभे राहिले फक्त सोफा आणि खुर्च्या, आणि आपण कशासाठी उभे आहोत ते त्यांनाही कळेना.

नवे साहेब दारातून आत आले. समोर माणूस निपचित पडलेला, बाया रडताहेत. खाणीच्या नोकरीत असं दृश्य त्यांनी पाहिलेलं असणार. त्यांनी हॅट काढली. मान खाली घालून ते हळूहळू स्टेजवर चढले. घनश्यामजी पुढे धावले, "साहब, वेलकम—" साहेबांनी डोळ्यांनीच त्यांना दटावलं, त्यांच्या हातातला हार घेतला आणि वाकून सुखरामच्या छातीवर, खंजिराच्या जरा खाली, ठेवला.

सुखराम मेलेलाच राहिला. त्याची मूठ तेवढी सुटली.

मग सतरंजीच्या टोकाकडून कुणीतरी पोटातून आरोळी दिली, "वन्स मोर!"

आणि सुखराम उठला! हार गळ्यात नीट घातला, धूळ झटकली, साहेबांना हाताने अदबीने जरा बाजूला सारलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मरायला लागला. साहेब हॅट छातीशी धरून तिथेच उभे होते. बसायचं केव्हा, ते त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.