पासवर्डबाई

रुग्णालयात सगळे तिला पासवर्डबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. नोकरीला लागली तेव्हा ती तिथल्या टेलिफोन बोर्डावर बसायची. बाहेरून फोन आला की योग्य खोलीत जोडून द्यायचा, एवढंच काम. पुढे बोर्ड निघाला, प्रत्येकाच्या टेबलावर थेट फोन आले आणि तिला विचारण्यात आलं, कॉम्प्युटर विभागात जाणार की घरी बसणार? घरी सासूबाई होत्या, म्हणून तिने कॉम्प्युटर विभाग निवडला. हा किस्सा ती सासूबाईंच्या समोरच सांगायची आणि सगळ्यात मोठ्याने त्याच हसायच्या.

विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक गारढोण खोली. यंत्रं तापू नयेत म्हणून तिथला एसी कधी बंद होत नसे. बाहेर कितीही उकडत असो, ही आपली स्वेटर घालून बसलेली. कोपऱ्यातल्या कपाटात रुग्णालयाची फायरवॉल होती, लुकलुकत्या दिव्यांची एक चपटी पेटी. बाहेरच्या जगातून आत येणारं सगळं त्या पेटीतून गाळून यायचं. एखाद्या डॉक्टरला घरून रिपोर्ट बघायचा असेल, तर त्यानेही आधी त्या पेटीला आपलं नाव आणि पासवर्ड सांगायचा.

घोळ असा होता, की पेटीतला पासवर्ड वेगळा आणि रोज कामावर कॉम्प्युटर उघडायचा पासवर्ड वेगळा. दोन्ही लक्षात ठेवणारा माणूस विरळाच. बाकीचे सगळे तिच्या दारात. त्याहून वाईट म्हणजे, कुणी नोकरी सोडून गेलं तरी त्याचं नाव पेटीत तसंच राहायचं. ते काढा म्हणून तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि निरोप-समारंभाच्या गडबडीत तेवढं नेमकं राहून जायचं.

शेवटी तिनेच अधीक्षकांकडे विषय काढला. अधीक्षक म्हणजे रुग्णालयाचा सगळा कारभार बघणाऱ्या मॅडम. बोलणं तुटक, पण कान उघडे.

"हे बघा मॅडम," ती म्हणाली, "आपल्या दारावरच्या रखवालदाराला आपण सगळ्यांचे चेहरे पाठ करायला लावलेत. कोण नवीन आलं, कोण सोडून गेलं, त्याला काय कळणार? त्यापेक्षा त्याने आत फोन करून विचारावं, हा माणूस आपला आहे का? आत आस्थापना विभागाचा सर्व्हर आहेच, नोकरीत कोण आहे याची यादी ठेवणारा. तिथे नाव असेल तर दार उघडायचं, नसेल तर नाही."

"आणि आतला फोन बंद असला तर?"

"तर कुणीच आत येणार नाही. म्हणून एक खातं पेटीतच ठेवायचं, फक्त दुरुस्तीपुरतं. त्याचा पासवर्ड पाकिटात बंद करून तुमच्या कपाटात."

"करा," मॅडम म्हणाल्या आणि पुढची फाइल ओढली.

काम वाटलं होतं तेवढं सोपं निघालं नाही. पेटीला सर्व्हरचा पत्ता दिला. दोघांनी एकमेकांना ओळखावं म्हणून एक गुप्त शब्द ठरवून दोन्हीकडे भरला. मग चाचणीचं बटण दाबलं, तर नकार. पुन्हा दाबलं, पुन्हा नकार. सर्व्हरवर प्रश्न पोचत होता, पण कोण विचारतंय हेच त्याला पटत नव्हतं. सकाळभर तिने डोकं खाजवलं, चहा गार झाला. जेवणाच्या सुटीनंतर तिच्या लक्षात आलं, की गुप्त शब्द एका खिडकीतून उचलून दुसरीकडे चिकटवताना त्याच्या शेपटाला एक मोकळी जागा चिकटून आली होती. दिसत काहीच नव्हतं, पण यंत्राला ती मोजावीशी वाटत होती. ती पुसली आणि पहिल्याच दाबाला होकार आला. एकटीच असूनही ती मोठ्याने म्हणाली, "अगं बाई!"

मग गट पाडले. डॉक्टरांना रिपोर्ट दिसावेत, परिचारिकांना वॉर्डाचं काम, हिशेब विभागाला फक्त हिशेब. सगळं पुन्हा पुन्हा तपासून झाल्यावर तिने पेटीतली जुनी नावं पुसून टाकली. सोमवारपासून एकच पासवर्ड चालेल, असा निरोप सगळ्या विभागांत गेला.

सोमवार इतका शांत गेला, की तिलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. फोनच वाजेना. हिशेबनीस मुद्दाम खाली येऊन म्हणाले, "आता तुमचं नाव बदलायला लागणार हो बाई."

मंगळवारी दुपारी एक्स-रे विभागातली तरुण डॉक्टरीण खाली आली. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "ताई, थोरल्या डॉक्टरांना आत येता येत नाहीये."

थोरले डॉक्टर म्हणजे त्याच विभागाचे जुने प्रमुख. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते.

"ते कशाला आत येतील?" पासवर्डबाईने विचारलं.

डॉक्टरीण खुर्चीत बसली आणि भडाभडा सांगू लागली. एखादा अवघड एक्स-रे आला, की ती सरांना फोन करायची. सर घरून आत शिरून तो बघायचे आणि आपलं मत सांगायचे. पेटीत त्यांचं नाव राहूनच गेलं होतं, त्यामुळे कधी अडलं नाही. अधीक्षकांना यातलं काही माहीत नव्हतं.

"तुमच्या हातातलंच काम आहे ना, ताई? ते दुरुस्तीचं खातं ठेवलंय तसं आणखी एक. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"म्हणूनच नको," ती म्हणाली. "मागचं दार उघडं ठेवायचं होतं, तर पुढचं बांधलं कशाला?"

डॉक्टरिणीचं तोंड उतरलं. पण वाईट पासवर्डबाईलाही वाटत होतं. नावं पुसण्याआधी एकेकाला फोन करून विचारायला हवं होतं, हे तिला आत्ता सुचत होतं. टेलिफोन बोर्डावरच्या दिवसांपासून ती थोरल्या डॉक्टरांना ओळखत होती. फोन उचलला की बाकीचे सरळ नंबर सांगत, हे आधी "काय ऑपरेटर, कशी आहेस?" म्हणून विचारत.

संध्याकाळी काम सुटल्यावर ती त्यांच्या घरी गेली. दार त्यांच्या पत्नीने, काकूंनी, उघडलं.

"बरं झालं आलीस," त्या कुजबुजल्या. "कालपासून धड जेवले नाहीत. विचारलं तर बोलत नाहीत."

आतल्या खोलीत डॉक्टर कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर लाल अक्षरांत नकार होता. तिला बघून त्यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिले.

"ऑपरेटर, तू? बस." चष्मा पुन्हा चढवत ते म्हणाले, "मी पासवर्ड विसरलो गं. इतकी वर्षं हाताला पाठ होता. काल बसलो तर घेईचना. सगळे घालून बघितले. माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं, आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. हिला सांगायचा धीर होत नाहीये."

ती चटकन म्हणाली, "सर, तुम्ही काही विसरला नाहीत. तुमचा पासवर्ड बरोबर होता."

"म्हणजे?"

"काल पहिल्यांदा जो घातलात, तोच बरोबर. मी पेटीची पद्धत बदलली. आता ती आत विचारते, हा माणूस नोकरीत आहे का, आणि तुम्ही निवृत्त. चूक माझी, मी आधी कळवायला हवं होतं."

डॉक्टरांचे खांदे सैल पडले आणि ते इतक्या जोरात हसले, की काकू धावत आत आल्या.

"अगं, ऐकलंस का? मला काढून टाकलंय!"

"त्यात एवढं हसण्यासारखं काय?" काकू म्हणाल्या, पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांचाही जीव भांड्यात पडला. स्वयंपाकघरात लगेच भांड्यांचा आवाज सुरू झाला, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही, असा हुकूम सुटला.

दुसऱ्या दिवशी पासवर्डबाई आणि डॉक्टरीण दोघी मिळून अधीक्षकांकडे गेल्या. डॉक्टरिणीने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मॅडम चिडल्या, आणि त्यांचं चिडणं खोटं नव्हतं. "बाहेरचा माणूस आपल्या रुग्णांचे एक्स-रे बघतोय आणि मला पत्ता नाही? उद्या कुणी जाब विचारला तर मी काय सांगू?" डॉक्टरीण मान खाली घालून उभी राहिली. मग मॅडमनीच विचारलं, "त्यांचं मत चुकलंय कधी?"

"एकदा. तेव्हा मी त्यांच्याशी वाद घातला होता," डॉक्टरीण म्हणाली.

मॅडमच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "सल्लागार म्हणून रीतसर नेमू या. पण समितीपुढे जाऊ दे."

समितीने आपला वेळ घेतलाच. तोवर डॉक्टरिणीला एकटीनेच निर्णय घ्यावे लागले. पहिल्या आठवड्यात तिची झोप उडाली. हळूहळू हात बसला. जिथे खरंच शंका असे तिथे ती शेजारच्या विभागात विचारू लागली, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघे.

नेमणूक झाली तेव्हा आस्थापना विभागाच्या सर्व्हरवर डॉक्टरांचं नाव चढलं. पासवर्डबाईने त्यांच्यासाठी वेगळा गट केला. त्यात फक्त त्यांच्याकडे सल्ल्यासाठी पाठवलेले एक्स-रे दिसत, दुसरं काही नाही. नवा पासवर्ड ठरवायला ती पुन्हा त्यांच्या घरी गेली आणि तो टाइप होईपर्यंत पाठ फिरवून उभी राहिली.

"आलो आत!" डॉक्टर म्हणाले. थोडा वेळ माउस फिरवून त्यांनी विचारलं, "पण इथे काहीच नाही गं?"

"डॉक्टरीणबाईंनी अजून काही पाठवलं नसेल, सर."

डॉक्टर रिकाम्या पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "शिकली म्हणायची पोरगी." त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, उठून खिडकी उघडली आणि काकूंना हाक मारली, "अगं, फिरायला यायचं का? ही पण येतेय कोपऱ्यापर्यंत."

तिघं जिना उतरून रस्त्याला लागली. काकू मध्ये चालत होत्या आणि दोघांनाही बोलू देत नव्हत्या.