दोन घंट्यांचा कारभार

राष्ट्राचा प्रमुख आणि सरकारचा प्रमुख ही दोन माणसं वेगळी असावीत की एकच, या प्रश्नानं उभ्या वर्धा जिल्ह्यात एकाच माणसाची झोप उडाली असेल, तर ते आमचे व्याही. म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. राहणार आंजी मोठी. जन्मभर एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते, त्यामुळे राज्यघटना त्यांना गाडीतच समजली. "ड्रायव्हर म्हंजे पंतप्रधान," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. मुलगी पाहायला आले होते, पोहे हातात होते. "गाडी त्याच्या हाती. कंडक्टर म्हंजे राष्ट्रपती. त्यानं स्टेअरिंगले हात नाई लावायचा, पन त्याच्या दोन घंट्या झाल्याबिगर गाडी हालत नाई." मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, की अमेरिकेत तर एकच माणूस दोन्ही करतो म्हणतात. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मंग तिथल्या म्हातारीले मधात उतरायचं असलं, तं तिनं सांगावं कोनाले? तो तं समोर पाहून राह्यला." मी म्हटलं, आपल्याकडे तरी राष्ट्रपतींना रोज कोण विचारतं. "घंटी लहानच असते, इहीनबाई," असं म्हणून त्यांनी पोहे संपवले आणि सोयरीक पक्की झाली.

लग्नात त्यांनी फेटा बांधून घेतला आणि जाहीर केलं, की डोक्यावर फेटा असणाऱ्यानं आचाऱ्याशी भांडायचं नाही, ते काम धाकट्या भावाचं. वांग्याची भाजी अर्ध्या पंगतीत संपली तरी हे खुर्चीवर शांत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होते. मला तेव्हा राग आला होता. पण खरं सांगते, मुलीच्या बापानं एका हातानं डोळे पुसायचे आणि दुसऱ्या हातानं आचाऱ्याची गचांडी धरायची, हे आमच्या बाजूनं चाललं होतं, आणि दोन्ही कामं धड झाली नाहीत. गावच्या ग्रामसभेतही त्यांचा हाच मुद्दा. सरपंचच कारभारी आणि सरपंचच सभेचा अध्यक्ष, हे काही त्यांना पटायचं नाही. एकदा नालीचा प्रश्न विचारायला उठले तर सरपंच म्हणाले, "बसा काका." यांनी उभ्याउभ्याच विचारलं, "हे बसा कोन म्हनून राह्यलं? अध्यक्ष का कारभारी? अध्यक्ष म्हनत असन तं बसतो. कारभारी म्हनत असन तं पह्यले नालीचं सांगा." सरपंचांनी पुढचा विषय घेतला. नाली अजून तशीच आहे.

घरी मात्र त्यांची घटना चोख चालायची. कारभार सगळा बायकोकडे, म्हणजे माझ्या विहिणीकडे. पेरायचं काय, आहेर कोणाला किती, भाजी कोणती, सगळं ती ठरवणार. हे फक्त स्टीलच्या गिलासावर चमच्यानं दोनदा वाजवणार, मग ती गॅस पेटवणार. "जलम गेला यायच्या घंटीवर सैपाक करता करता," विहीण म्हणायची, "पन अजून तिकीट नाई फाडलं मायं." एक घंटी म्हणजे थांबा, आणि ती यांनी क्वचितच वापरली. एकदा विहिणीचं कारंज्याच्या सख्ख्या बहिणीशी बिनसलं. संबंध तोडायचा म्हणून तिनं फोन हातात घेतला, तेवढ्यात गिलास एकदा वाजला. तिनं फोन ठेवला, नवऱ्याला शिव्या दिल्या आणि पुढल्या रविवारी बहिणीकडे जेवून आली.

मागच्या हिवाळ्यात विहिणीची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तर तिनं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. घास ओठाशी नेला की मान फिरवायची. आपलं आता या घरात काय काम, असं तिनं ठरवून टाकलं होतं. ते समजायला बोलावं लागत नाही. मी भेटायला गेले त्याच दिवशी जावई वडिलांना म्हणाले, "बाबा, आता सगळं तुम्हीच पाहा." व्याही म्हणाले, "दोन्ही पदं एका मानसाजवळ? माह्यानं नाई होत."

मग ते स्वतः स्वयंपाकघरात गेले. तुरीची डाळ धुऊन गॅसवर ठेवली, पण गॅस पेटवला नाही. गिलास आणि चमचा घेऊन बाहेर आले, विहिणीच्या डाव्या हाताशी ठेवले. "आतापासून स्टेअरिंग मायाजवळ. घंटी तुयाजवळ." आणि खाटेशी बसून राहिले. उन्हं अंगणात उतरली, माझी मुलगी दोनदा म्हणाली, "बाबा, मी लावते ना डाळ." ते म्हणाले, "घंटी नाई झाली." बऱ्याच वेळानं तो डावा हात हलला. चमचा पडला. मी उचलायला वाकले तर त्यांनी मला हातानंच अडवलं. तिनं चाचपडत तो स्वतः धरला. एकदा वाजलं. मग इतका वेळ काहीच नाही, की मला वाटलं ही थांबाच म्हणते आहे. मग दुसऱ्यांदा वाजलं.

डाळ खाली लागली होती. विहिणीनं तोंड वाकडं करत चार घास खाल्ले आणि गिलासावर एकदा वाजवलं. व्याह्यांच्या हातातला पाचवा घास जिथं होता तिथंच थांबला.

आमच्या घरी माझे यजमान गेल्यापासून दोन्ही पदं माझ्याकडेच आहेत. कारभार तसा ठीक चालला आहे. सकाळी उठते, चहा ठेवते, मनाला येईल तेवढी साखर घालते. थांब म्हणणारं कोणी नाही, म्हणून कधी कधी गॅस पेटवायच्या आधी उगीच थोडी थांबते.